देवळाली ते डूलॅली: एका शब्दफलकाच्या नोंदी

नाशिकरोडच्या आमच्या छोट्या वाचनालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आपल्या मुलखातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचे फलक लावायचं ठरलं. कुसुमाग्रजांचा वाढदिवस आणि तोही नाशकात, तेव्हा काहीतरी नीट करावं अशी सगळ्यांचीच इच्छा होती. पाच शब्द निघाले. पहिला माझ्या वाट्याला आला: डूलॅली.

ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलंय, तो भ्रमिष्टासारखा वागतोय, असं घरगुती बोलीत सांगायचं तर तो 'डूलॅली झालाय' म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही हा शब्द सहसा माहीत नसतो. आणि त्याचं मूळ आमच्या वाचनालयापासून रिक्षाच्या अंतरावर, देवळाली कॅम्पात.

दोन फूट बाय तीन फुटांचा फलक, त्यावर जेमतेम दीडशे शब्द. मला वाटलं होतं, आठवड्याचं काम. लागले सात आठवडे. आपापल्या गावाच्या शब्दावर असं काम कुणी हाती घेतलं तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत, म्हणून नोंदी जशा वहीत आहेत तशा देतेय.

६ जानेवारी

पहिला मसुदा एका संध्याकाळी, मोबाइलवर शोधून. 'देवळालीत इंग्रजांचं वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून हा शब्द आला,' असं पहिलंच वाक्य लिहिलं. चौदा ठिकाणी हेच सापडलं होतं, त्यामुळे निर्धास्त होते.

रात्री ती चौदा पानं एकाखाली एक लावून वाचली. बहुतेकांची वाक्यं तीच, शब्दांचा क्रमही तोच आणि एक टंकनदोषसुद्धा सगळीकडे जसाच्या तसा. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. माझ्याकडे चौदा साक्षीदार आहेत असं मी समजत होते, प्रत्यक्षात एकच होता, आणि त्याला ही गोष्ट कुठून कळली ते त्यानं कुठेच सांगितलं नव्हतं. मसुदा बाजूला ठेवला.

७ जानेवारी

स्टेशनरीच्या दुकानातून पोस्टकार्डाच्या आकाराची शंभर कोरी कार्डं आणली, ८० रुपये. फलकावरच्या प्रत्येक वाक्यामागे एक कार्ड, असा नियम केला. कार्डावर चार गोष्टी: कुणी लिहिलंय, कोणत्या साली छापलंय, शब्दाचं स्पेलिंग काय आहे, आणि तिथे त्याचा नेमका अर्थ काय आहे. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली, पण ते कळायला तीन आठवडे गेले.

९ ते ११ जानेवारी

हे तीन दिवस गेले ते गेलेच.

वाचनालयात विषय काढला तर दोन ज्येष्ठ सभासद ठामपणे म्हणाले, "अहो, हा आपला 'डुलणे'च आहे. डोक्यावर परिणाम झालेला माणूस डुलत चालतो, त्याचं डूलॅली झालं." मलाही ते इतकं पटलं की मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश काढून 'डुलणे', 'डुलकी', 'डोलणे', 'डोली' अशा सगळ्या नोंदी कार्डांवर उतरवल्या. कानाला गोड लागत होतं. अकरा कार्डं भरली.

मोडलं ते असं. 'डोली' खरोखरच इंग्रजीत गेलेली आहे, पण 'डूली' म्हणून, आणि पालखीसारखं वाहन किंवा जखमींना वाहून नेण्याची झोळी या अर्थानं. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात तिची स्वतंत्र नोंद आहे. तिथून वेडापर्यंत पोचणारी एकही मधली पायरी मला दाखवता येईना. शिवाय जुन्या नोंदींत शब्द एकटा येत नाही, 'डूलॅली टॅप' असा जोडीनं येतो. 'डुलणे' धरलं तर त्या 'टॅप'चं काय करायचं, याला उत्तर नव्हतं. अर्ध्या शब्दाचा उलगडा करणारी व्युत्पत्ती फलकावर लावता येत नाही. अकराही कार्डांना लाल फुली मारली आणि ठेवून दिली. फेकू नका, कारण फलक लागल्यावर हाच प्रश्न पुन्हा येतो (आला).

मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, प्लॅट्सचा १८८४चा हिंदुस्थानी कोश आणि हॉब्सन-जॉब्सनची १९०३ची आवृत्ती हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मी मात्र मोल्सवर्थची झेरॉक्स काढत बसले होते. ६४ रुपये आणि एक दुपार.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी कार्डांचा ढीग बघून विचारलं, "परीक्षा आहे का कुणाची?"

१६ जानेवारी

स्पेलिंगनं दोन दिवस खाल्ले. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या स्कॅन प्रतींमध्ये गावाचं नाव शोधत होते आणि काहीच सापडत नव्हतं. कारण मी एकच स्पेलिंग टाकत होते, 'डी-ई-ओ' नं सुरू होणारं. इंग्रजांनी आपला 'देव' दोन तऱ्हांनी लिहिला. एक 'डी-ई-ओ', जसं देवनार, देवगड बऱ्याच जुन्या कागदांत दिसतात. दुसरा 'डी-ई-व्ही'. रेल्वे आजही देवळाली 'व्ही' नंच लिहिते, कॅन्टोन्मेंट 'ओ' नं. सैनिकांच्या आठवणींत शेवटी 'आय'च्या जागी 'आय-ई' येतं.

शिवाय मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, ज्याचा नाशिकचा सोळावा खंड १८८३ साली निघाला, दीर्घ 'आ' दाखवायला 'ए' वर तिरकी रेघ दिलेली असते. स्कॅन वाचणारं यंत्र त्या रेघेपाशी अडखळतं आणि भलतंच अक्षर धरतं. शोध लागत नाही म्हणजे उल्लेख नाही, असं समजू नका. शेवटी मी शोधणं सोडून अनुक्रमणिकेतून पानं उलटत गेले आणि तासाभरात गाव सापडलं.

करायची गोष्ट: कामाच्या पहिल्या दिवशी एका कागदावर नावाची जमतील तेवढी स्पेलिंगं लिहून काढा. माझी नऊ झाली.

१७ जानेवारी

कालच्या आनंदात मोठी चूक. चार कार्डं भरल्यावर लक्षात आलं की त्यातली दोन राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवराची आहेत, नगर जिल्ह्यातली. आपल्या देवळालीशी संबंध नाही. पुन्हा आपल्यातही दोन आहेत: नाशिकरोडला लागून असलेलं देवळालीगाव आणि लष्कराचा देवळाली कॅम्प. इथे राहणाऱ्या माणसानं हे विसरावं, याचं वाईट वाटलं. प्रत्येक कार्डावर आता गावापुढे नदीचं नाव लिहितेय. आपला कॅम्प दारणेकाठचा. दारणा दिसली नाही तर कार्ड बाद.

१९ जानेवारी, रविवार

देवळाली स्टेशनवर जाऊन आले. जाता-येता रिक्षा मिळून २०० रुपये. घरबसल्याही चाललं असतं असं घरचे म्हणाले, पण फलकाचा गाभा मला तिथे मिळाला.

फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी, काळी अक्षरं. वर मराठीत देवळाली, मध्ये हिंदीत देवलाली, खाली इंग्रजीत. वरच्या ओळीतला 'ळ' मधल्या ओळीत येईपर्यंत 'ल' झालेला. मी पाटीसमोर उभी राहून तिन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, मग चौथी ओळ मनातल्या मनात लिहिली: डूलॅली. देव मधला 'व' ओठांतच विरतो आणि 'द्यो' होतो, त्याचा गोऱ्या शिपायाच्या तोंडात 'डू'. 'ळ' त्याच्याकडे नाहीच, म्हणून 'ल'. आणि 'ळा'तला 'आ' आखडून 'ॲ'. पाटीवर एक ओळ वाढवली की शब्दाचा सगळा प्रवास डोळ्यांना दिसतो. फलकाची मांडणी तिथेच ठरली: वर मोठ्या अक्षरांत या चार ओळी, पिवळ्यावर काळ्या.

स्टेशनबाहेर चहा घेताना तोफखान्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले. स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे, त्यामुळे अशी माणसं कॅम्पात बरीच. त्यांना काय करतेय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आम्ही इथे तोफा शिकलो, पोरंबाळं इथे वाढवली. त्या गावाच्या नावाचा अर्थ वेडा, असं तुम्ही भिंतीवर लावणार?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. "काका, आधी खरं काय ते शोधते, मग तुम्हाला दाखवूनच लावीन," एवढं म्हणाले.

२१ ते २६ जानेवारी

काकांच्या प्रश्नानं कामाची दिशाच बदलली. आतापर्यंत मी शब्द कुठून आला ते शोधत होते. आता, त्या माणसांचं इथे काय झालं, ते शोधायला लागले.

कार्डांवर जे पक्कं आलं ते असं. देवळालीची छावणी १८६१ सालची. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी घाट चढून इथे यायच्या, हवापाण्याला सरावायच्या आणि पुढे हिंदुस्थानभर पांगायच्या. नोकरीची मुदत संपलेले शिपाई उलट्या वाटेनं इथेच यायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबायचे. मुंबई इथून रेल्वेनं सुमारे १८० किलोमीटर.

घोळ जहाजांचा होता. फौजा नेण्या-आणण्यासाठी पाच खास जहाजं बांधली होती: सेरापिस, युफ्रेटिस, जम्ना, मलबार आणि क्रोकोडाइल. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर ती इंग्लंडहून थेट मुंबईला यायला लागली. पण बारा महिने नाही. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली भट्टी टाळून, पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतच फेऱ्या व्हायच्या. ज्याची मुदत हंगामात संपली तो सुटला. हंगामातलं शेवटचं जहाज निघून गेल्यावर ज्याची संपली, त्याला पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत महिनोन्‌महिने इथेच दिवस मोजायचे.

काम नाही. कवायत नाही म्हणावी इतकी कमी. कित्येक वर्षांनी घरी जायचंय, आणि मधे फक्त वाट बघणं. त्यात इथला चैत्र-वैशाख आणि त्यानंतरचा पाऊस.

जवळून बघणारा साक्षीदार एकच मिळाला: फ्रँक रिचर्ड्स, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सचा साधा शिपाई, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ साली छापलेल्या त्याच्या आठवणींत देवळालीच्या मुक्कामाचं वर्णन आहे. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता अशी माणसं या रिकाम्या महिन्यांत बिघडायची, काहीबाही करून बसायची, असं तो सांगतो. विचित्र वागणाऱ्याला 'डूलॅली टॅप' झालाय म्हणतात, ते या छावणीतल्या कंटाळ्यावरूनच आलं असावं, असा त्याचा कयास.

'असावं' हा शब्द मी कार्डावर दोनदा अधोरेखित केलाय. तो स्वतः तिथे राहिलेला, तरीही ठासून सांगत नाही. मग मी कोण ठासणार? फलकावर 'असं मानतात' येणार, 'असं आहे' नाही.

वेड्यांच्या इस्पितळाबद्दल: रिचर्ड्स कारण म्हणून कंटाळा सांगतो, इस्पितळ नाही. देवळालीत लष्करी इस्पितळ होतं, महायुद्धांच्या काळात तर मोठ्या प्रमाणावर होतं. पण ते आजारी आणि जखमींसाठी. मन बिघडलेल्या शिपायांना मायदेशी धाडायचे, आणि इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ नेटलीच्या लष्करी इस्पितळात त्यांच्यासाठी १८७० साली वेगळी इमारत उघडली होती, डी ब्लॉक नावाची. माझ्या हाती लागलेल्या एकाही जुन्या कार्डानं 'वेड्यांचं इस्पितळ, म्हणून डूलॅली' याला आधार दिला नाही. ६ तारखेचं वाक्य कायमचं काढून टाकलं.

काकांना द्यायचं उत्तर सापडलं होतं. गावानं कुणाला वेड लावलं नाही. घराकडे तोंड करून बसवून ठेवलेल्या माणसांचं मन सैरभैर झालं, आणि ज्या ठिकाणी बसवलं त्याचं नाव त्या अवस्थेला चिकटलं.

२९ जानेवारी

पुन्हा घसरले. मसुद्यात लिहिलं, '१८६१ पासून इंग्रजीत रूढ झालेला शब्द'. छावणीचं साल आणि शब्दाचं साल मी एकच करून टाकलं. कार्डं सालाप्रमाणे लावली तेव्हा भोक दिसलं. मला मिळालेली सगळ्यात जुनी छापील नोंद १९२५ची, फ्रेझर आणि गिबन्स यांनी केलेल्या सैनिक-खलाशांच्या शब्दसंग्रहातली. तिथे 'डूलॅली टॅप'चा अर्थ डोकं फिरलेला, असा दिलाय. छावणी आणि छापील शब्द यांत चौसष्ट वर्षं.

बोलण्यात शब्द त्याआधीपासून असणार, शिपायांच्या तोंडचे शब्द छापायला उशीरच होतो. पण किती आधी, हे माझं कार्ड सांगत नाही, म्हणून फलकही सांगणार नाही. मसुद्यात दोन सालं वेगवेगळ्या वाक्यांत टाकली.

१८७०च्या कायद्यानं ब्रिटिश सैन्यात बारा वर्षांची भरती आली, त्यातली सहा प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली राखीव. त्यामुळे मुदत संपून परतणाऱ्यांची संख्या वाढली असेल आणि देवळालीतली गर्दीही, असं मला वाटतं. हा माझा तर्क. वहीत राहू दे.

१ ते ५ फेब्रुवारी

आता 'टॅप'. या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हाच काळजात लकाकलं: अरे, हा तर आपला ताप! अंगात ताप चढला की माणूस बरळतो, आपण म्हणतोच की 'तापात बरळतोय'. मोल्सवर्थमध्ये ताप आहे, उष्णता आणि ज्वर दोन्ही अर्थांनी. म्हणजे देवळाली मराठी, ताप मराठी, सगळा शब्दच मराठी! त्या रात्री मी वाचनालयाच्या गटावर तसं टाकूनसुद्धा दिलं. साठ जणांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी गटातल्या एका उर्दूच्या निवृत्त शिक्षकांचा फोन. "बाई, मराठीत ता दीर्घ आहे. इंग्रजांनी दीर्घ 'ता' ऐकला असता तर लिहिताना तो इतका आखूड का केला असता? शिवाय गोरा शिपाई मराठी बोलत होता का?"

दोन्ही प्रश्न रास्त. पलटणींमध्ये आणि बाजारात चालायची ती हिंदुस्थानी, आणि हिंदुस्थानीत ज्वराला ऱ्हस्व 'तप' आहे. क्षयाला म्हणतात तो तपेदिक घ्या, त्यातला हाच तप. फारसीत ज्वराला 'तब', संस्कृतात 'ताप'. फारसी आणि संस्कृत शब्द एकाच जुन्या मुळाचे, त्यामुळे आपला ताप या 'टॅप'चा भाऊबंद खरा, पण जन्मदाता नाही. शिपायाच्या कानावर पडला तो छावणीतल्या बाजाराचा तप.

त्यांना मी विचारलं, "सर, पण आमच्या देवळालीत बाजारात मराठी माणूसही असणारच ना?" ते म्हणाले, "असणार. पण 'असणार' तुम्हाला कार्डावर लिहिता येतं का?" माझाच नियम मला ऐकावा लागला.

गटावर दुरुस्ती टाकली. वाहवेच्या चौथा हिस्साही उत्तरं आली नाहीत, आणि चुकीचा संदेश तोवर दोन दुसऱ्या गटांत गेला होता. तो अजूनही फिरतोय. याचं मला खरंच दुःख आहे. पक्कं होईपर्यंत काहीही कुठे टाकू नका, घरच्यांच्या गटावरसुद्धा नाही.

'डूलॅली टॅप' म्हणजे मुळात देवळालीचा ताप. जसा एखाद्या जागेचा हिवताप अंगात शिरावा, तशी त्या मुक्कामाची बाधा. पुढे हा शब्द घरी परतलेल्या शिपायांबरोबर इंग्लंडात गेला, तिथे 'टॅप' म्हणजे ज्वर हे कुणाला कळेना. इंग्रजीत टॅप म्हणजे टिचकी किंवा नळ. अर्थ न लागणारं शेपूट गळून पडलं आणि नुसतं गावाचं नाव उरलं. ७ जानेवारीला कार्डावर चौथी ओळ ठेवली होती, नेमका अर्थ काय याची, ती इथे कामी आली. १९२५च्या कार्डावर दोन शब्दांची जोडी, नंतरच्या कार्डांवर एकटा शब्द, अर्थ मात्र तोच. कार्डं सालानं लावली की शेपूट गळताना दिसतं.

८ फेब्रुवारी

मसुदा चारशे दहा शब्दांचा झाला. दीडशेत बसवायचा. सेरापिसवरून १८७५ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला होता, ते काढलं. नेटली काढलं. पाचही जहाजांची नावं काढली, ती काढताना जिवावर आलं. राहिली ती पाटी, वाट बघणं आणि ताप.

१२ फेब्रुवारी

छपाई. सनबोर्डवर व्हिनाइल, चौरस फुटाला ७० रुपये, सहा चौरस फूट, ४२० रुपये. मजकूर युनिकोडमध्ये दिला. दुकानातल्या दादांच्या संगणकावर जुना फॉन्ट, त्यात टाकल्यावर जोडाक्षरं फुटली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काळजी करू नका, मी हातानं टाइप करून घेतो." मी प्रूफ मोबाइलवरच बघितलं, घाईत, बसमधून. ठीक वाटलं.

१३ फेब्रुवारी

फलक हातात आला. सुरेख पिवळा. पहिली ओळ: देवलाली. दुसरी ओळ: देवलाली.

ज्या एका अक्षरासाठी मी स्टेशनवर गेले होते, तो 'ळ'च गेला. दादांची चूक म्हणता येणार नाही, दोन ओळी सारख्याच दिसतात असं समजून त्यांनी एक टाइप करून खाली पुन्हा चिकटवली. प्रूफ बघायची जबाबदारी माझी होती. पुन्हा ४२० रुपये. दादांनी वीस रुपये कमी घेतले, मी मागितले नव्हते.

प्रूफ कागदावर काढून, पेन्सिल हातात घेऊन, एकेक अक्षर मोठ्यानं वाचा. आणि मजकूर फोटो किंवा पीडीएफ म्हणून द्या, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच येत नाही. हे मला छपाईतल्या एका मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

१७ फेब्रुवारी

दुसरा फलक बरोबर आला. मजकूर असा उतरला:

'देवळाली. देवलाली. द्योलाली. डूलॅली.
१८६१ पासून आपल्या देवळाली कॅम्पात ब्रिटिश शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबत. जहाजं फक्त हंगामात सुटत. हंगाम चुकला की अनेक महिने रिकामे काढावे लागत. या मुक्कामात माणसं सैरभैर होत, त्याला शिपाई देवळालीचा तप, म्हणजे ताप, म्हणू लागले असं मानतात. तप हा हिंदुस्थानी शब्द, आपल्या तापाचा भाऊबंद. इंग्रजांच्या तोंडी त्याचं डूलॅली टॅप झालं. ही जोडी १९२५च्या एका सैनिकी शब्दसंग्रहात छापलेली आहे. पुढे टॅप गळला आणि डोकं फिरलेल्याला इंग्रजीत नुसतं डूलॅली म्हणू लागले. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असं सांगतात. त्याला जुना आधार मिळालेला नाही.'

जागा उरली होती, पण काही वाढवलं नाही. मूळ 'देवळाली' या नावाची व्युत्पत्ती, 'देवळांची आळी' वगैरे, घालायचा आग्रह झाला. तिच्यासाठी माझ्याकडे एकही कार्ड नाही, म्हणून नाही घातली.

१९ फेब्रुवारी

फलक कापडात गुंडाळून रिक्षानं कॅम्पात नेला, काकांना दाखवायला. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'अनेक महिने रिकामे' या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ तसेच थांबले. मग म्हणाले, "सरहद्दीवर असताना रजा मंजूर होऊन गाडी मिळेना, असे अकरा दिवस मी काढलेत. अकराच. हे लोक सहा महिने बसायचे?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "लावा."

२७ फेब्रुवारी

लावला. दिवसभरात तीन जणांनी 'हा डुलणे नाही का?' विचारलं. लाल फुलीची अकरा कार्डं टेबलावर ठेवली होती, ती दाखवली. एक जण तरीही पटलं नाही म्हणून गेले.

दक्षिणेकडच्या भिंतीवर दुपारी ऊन येतं, व्हिनाइल फिकं पडेल. उद्या हलवायचा.

२ मार्च, हिशोब

कार्डं ८०, झेरॉक्स ६४, रिक्षा एकूण ३८०, छपाई दोनदा मिळून ८२०, दोन खिळे आणि दोरी ३५. एकूण १,३७९ रुपये. वाचनालयानं ५०० दिले होते. तास मोजले नाहीत, पण कार्डं मोजली: भरली ७३, फलकावर आधार म्हणून वापरली १४.

पुढचा शब्द डंगरी, जाड्याभरड्या कापडाचा. मूळ मुंबईतल्या डोंगरीत. या वेळी पहिल्याच संध्याकाळी स्पेलिंगं लिहायला बसले. आत्तापर्यंत सहा झालीत.